नवी सुई दाखवली, पण बाटली?

पत्र: डॉक्टर, नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचं (वय 26) लग्न पाच आठवड्यांवर आलंय. आईच्या भिशीतल्या एका मावशींचं पार्लर आहे. त्यांच्याकडे 'ब्रायडल ग्लो ड्रिप'चं पॅकेज घेतलं. ग्लुटाथायोन आणि व्हिटॅमिन सी, सलाईनमधून, सहा सिटिंग. एक सिस्टर घरी येऊन लावते. आमच्या दोन चुलतबहिणींनीही सोबत घेतलं, कारण तिघींचं मिळून स्वस्त पडत होतं. सिस्टर एकाच मोठ्या बाटलीतून तिघींचं औषध काढते, म्हणजे वाया जात नाही. मागच्या रविवारी दुसरं सिटिंग झालं आणि तासाभरात बहिणीला एवढी थंडी वाजली की दोन ब्लँकेटं घालूनही दात वाजत होते. ताप 101 च्या वर गेला, रात्री उतरला. मावशी म्हणाल्या, डिटॉक्स होतंय, विष बाहेर पडतंय. आता तिच्या हाताची शीर दोरीसारखी टणक लागते. सिस्टर दर वेळी नव्या सुईचं पाकीट आमच्यासमोर फोडते, मी स्वतः पाहिलंय. मग इन्फेक्शन कसं होईल? येत्या रविवारी तिसरं सिटिंग आहे, पैसे भरून झालेत. आई म्हणते, सलाईनने कधी कुणाचं वाईट झालंय का?
एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, तुमचा मेल आला त्याच दिवशी मी दोन ओळी पाठवल्या होत्या: रविवारचं सिटिंग रद्द करा, आणि बहिणीला आजच्या आज एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे न्या. हुडहुडी भरली होती हेही सांगा आणि शिरेतून काय दिलं तेही सांगा. यातला दुसरा भाग लोक लाजून लपवतात आणि मग डॉक्टर बिचारे मलेरिया-डेंग्यू शोधत बसतात. बाकीचं इथे सविस्तर लिहिते, कारण लग्नसराई आहे आणि अशाच मजकुराची आणखी तीन पत्रं माझ्याकडे पडून आहेत.

आधी त्या 'डिटॉक्स'चा निकाल लावू. शिरेतून काही दिल्यावर तासाभरात हुडहुडी भरून ताप आला, तर कुठल्याही बऱ्या हॉस्पिटलमधली सिस्टर पहिली गोष्ट करते ती म्हणजे ड्रिप बंद. बाटली आणि नळी फेकत नाही, बाजूला ठेवते. डॉक्टरांना बोलावते. रक्त कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहायला जातं, उरलेलं सलाईनही लॅबला जातं. तिथे कुणी 'विष बाहेर पडतंय' म्हणत नाही, कारण अशा वेळी संशय नेमका उलटा असतो: बाहेरचं काहीतरी आत गेलंय.

हे 'काहीतरी' दोन प्रकारचं असू शकतं. एक म्हणजे जिवंत जंतू, थेट रक्तात. दुसरं म्हणजे मेलेल्या जंतूंचे अवशेष, ज्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात. हे दुसरं प्रकरण लोकांना माहीत नसतं. काही जंतूंच्या बाहेरच्या आवरणाचे तुकडे उकळूनही नष्ट होत नाहीत. द्रावणात एकही जिवंत जंतू नसला तरी ते रक्तात गेले की थंडी, ताप, अंगदुखी, उलट्या सुरू होतात. 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नेमका ग्लुटाथायोनबद्दलच इशारा दिला होता. तोंडाने घ्यायच्या पूरक गोळ्यांच्या दर्जाची पावडर इंजेक्शन बनवायला वापरली गेली होती, त्यात एंडोटॉक्सिन जास्त होतं, आणि सात रुग्णांना त्रास झाला. पोटात गेली असती तर ती पावडर बहुधा निमूट पचली असती. शिरेतून गेली म्हणून भोवली.

खरी मेख इथेच आहे. आपण जे खातो-पितो ते रक्तात पोचेपर्यंत जठरातलं आम्ल, आतड्याचं अस्तर आणि यकृत अशा तीन-चार चौक्या लागतात. पाणीपुरीच्या गाडीवरचं पाणीसुद्धा बहुतेक वेळा आपण पचवतो ते या चौक्यांच्या जिवावर. ड्रिप या सगळ्या चौक्या टाळून थेट हृदयाकडे जाते. म्हणून शिरेतून द्यायचं औषध ज्या खोलीत भरतात तिथली हवासुद्धा गाळलेली असते. आणि तेच औषध पार्लरच्या मागच्या खोलीत, हेअर स्पाच्या टबाशेजारी, डायनिंग टेबलवर मिसळलं जातं.

तुमचा प्रश्न होता, सुई नवी असताना इन्फेक्शन कसं होईल. ताई, तुम्ही पाकीट फोडताना पाहिलंत, चांगलंच केलंत. पण तुमच्या पत्रातलं जे वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ बसले ते सुईचं नव्हतं. 'एकाच मोठ्या बाटलीतून तिघींचं औषध काढते, म्हणजे वाया जात नाही.' ते वाक्य.

मी तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काढली. तरुण असताना एका हॉस्पिटलमध्ये (नाव सोडा) एकाच वॉर्डातून चार दिवसांत चार रुग्णांच्या रक्तात एकच जंतू सापडला. आम्ही भिंती, सिंक, नर्सेसचे हात, सगळं तपासलं. शेवटी तो सापडला हेपॅरिनच्या एका बाटलीत. सलाईनची शीर चालू राहावी म्हणून त्यातलं थोडं थोडं औषध सगळ्या रुग्णांना जायचं, आणि दर वेळी रबर टोचायचा त्रास नको म्हणून कुणीतरी रबरात एक सुई कायमची खोचून ठेवली होती. रुग्णांच्या सुया नव्या कोऱ्या होत्या. बाटली तेवढी एक होती.

अशीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत लास वेगासला घडली, 2008 मध्ये उघडकीला आली. एंडोस्कोपीच्या क्लिनिकमध्ये भूल देताना सुई बदलायचे, पण त्याच रुग्णाला आणखी डोस लागला की तीच सिरिंज पुन्हा औषधाच्या बाटलीत घालायचे. सिरिंजमध्ये मागे आलेलं रक्त, डोळ्याला न दिसण्याइतकं, बाटलीत उतरायचं. उरलेली बाटली पुढच्या रुग्णाला. हेपटायटिस सी (रक्तातून पसरणारा, यकृत खराब करणारा विषाणू) पसरला आणि सुमारे 63,000 लोकांना 'येऊन तपासणी करून घ्या' अशी पत्रं पाठवावी लागली. तिथेही पेशंटला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, माझ्यासमोर नवी सुई काढली होती.

तेव्हा सुईबरोबर बाटलीही बघायची. एका माणसासाठी असलेली व्हायल, म्हणजे औषधाची बाटली, एकाच माणसाला, उरलं तर फेकून द्यायचं. ज्या पॅकेजचा हिशेब 'वाया जात नाही' यावर बसलाय, ते स्वस्त कशामुळे पडतं हे लक्षात आलं असेल.

आणखी एक. सलाईनच्या किंवा ग्लुकोजच्या पाण्यात काही जंतू मजेत वाढतात, आणि बाटली मात्र काचेसारखी स्वच्छ दिसते. एका थेंबात हजारो असले तरी गढूळपणा दिसेलच असं नाही. फ्रिजमध्ये ठेवलं म्हणून निश्चिंत राहू नये. स्युडोमोनास फ्लुओरेसेन्स नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 मध्ये सांगितलेल्या एका प्रकरणात पन्नाशीच्या एका बाईने घरीच व्हिटॅमिनची ड्रिप लावून घेतली होती. सेप्टिक शॉक (जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळणं) आणि अनेक अवयव निकामी होत चालल्याच्या संशयाने तिला दाखल केलं, आणि रक्तात हाच जंतू निघाला.

तुमच्या आईंचा प्रश्न मला अगदी ओळखीचा आहे. सलाईनने कधी कुणाचं वाईट झालंय का? आपल्याकडे सलाईनचा मान मोठा. सुगी संपली की अंग मोडून आलेली माणसं डॉक्टरांना म्हणतात, 'एक बाटली लावा, ताकद येईल.' पिवळी लावली तर आणखी समाधान. भेटायला आलेले लोक आधी बाटली बघतात, मग पेशंट. पण अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये असतं काय? पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण पाऊण चमचा. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाला तेच अमृत ठरतं. धडधाकट मुलीला त्याच्या जागी एक तांब्या पाणी आणि वरण-भात पुरतो. जास्तीचं व्हिटॅमिन सी तर मूत्रपिंडं लघवीवाटे काढून टाकतात, म्हणजे पॅकेजचे बरेचसे पैसे बाथरूममध्ये जातात. (मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी या मोठ्या डोसच्या वाटेलाच जाऊ नये. तो वेगळा विषय, पण सांगून ठेवते.)

आणि वाईट झालंय. गुजरातमधल्या मोडासात 2009 मध्ये वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हेपटायटिस बीची साथ आली, माणसं गेली. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला एका भोंदू डॉक्टरच्या स्वस्त इंजेक्शनांनंतर 40 हून जास्त लोकांना एचआयव्ही निघाला, ती बातमी 2018 ची. ही गरिबांची दुखणी, आपल्या पार्लरला एसी आहे, असं वाटत असेल तर न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या एका स्पाची हकीकत ऐका. तिथे स्वतःचंच रक्त काढून त्यातला भाग चेहऱ्यावर बारीक सुयांनी टोचायचे, 'व्हँपायर फेशियल' म्हणून. परवाना नाही. तपासणीला गेलेल्यांना रक्ताच्या नळ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर सापडल्या, नाव-गाव न लिहिलेल्या, आणि फ्रिजमध्ये खाण्याच्या जिनसांशेजारीही. एकदाच वापरायच्या वस्तू पुन्हा पुन्हा वापरलेल्या. स्पा 2018 मध्ये बंद झाला. तिथे गेलेल्या तीन बायकांना एचआयव्ही बहुधा त्या फेशियलमधूनच झाला असावा, हा निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाला.

गोरेपणाबद्दल एवढंच सांगते की ग्लुटाथायोनच्या इंजेक्शनला त्वचा उजळण्यासाठी ना आपल्याकडे मान्यता आहे, ना अमेरिकेत. फिलिपाइन्समध्ये हे वेड आपल्या आधीचं, आणि तिथल्या औषध प्रशासनाला 2011 मध्येच लोकांना सावध करावं लागलं. तिथे ते मान्य होतं केमोथेरपीच्या एका औषधाबरोबर, जोडीला. नवरीची कांती हा त्याचा उपयोग कुठल्याच मान्यताप्राप्त कागदावर नाही. तुमच्या बहिणीचा रंग मुळात कमी का ठरवला गेला, हेही मला विचारायचंय, पण ते भांडण या सदरात मावणार नाही.

आता बहिणीचं बघू. शीर टणक लागते, याचं कारण नुसती आग असू शकते. व्हिटॅमिन सी आम्लधर्मी असतं, शिरेला झोंबतं. तसं असेल तर शेकून आठ-पंधरा दिवसांत ओसरतं. पण त्यावर लाली चढत वर सरकते आहे, पू दिसतोय, काखेत गाठ आलीय किंवा ताप पुन्हा येतोय, यातलं एकही असेल तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. वारंवार येणारा ताप तर अजिबात अंगावर काढू नका. त्वचेवरचे जंतू अशा वाटेने हृदयाच्या झडपांवर जाऊन बसतात, आणि तो आजार आठवडेच्या आठवडे दबा धरून राहतो. आणि मेहेरबानी करून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. ब्लड कल्चरच्या आधी गोळी पोटात गेली की जंतू लॅबमध्ये वाढत नाही, तो मरतोही अर्धवट, आणि आम्ही लॅबवाले आंधळे होतो.

रक्तातून पसरणारे तीन विषाणू, हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्ही, यांची तपासणी तिघींचीही करायची, ज्यांना थंडी वाजली नाही त्यांचीही. हुडहुडीशी या विषाणूंचा काही संबंध नाही; ते गुपचूप येतात. घाबरवण्यासाठी सांगत नाही, शक्यता कमीच आहे. तिघींपैकी कुणाच्या रक्तात, किंवा ती बाटली त्याआधी आणखी कुणासाठी उघडली असेल तर त्या कुणाच्या रक्तात, विषाणू असला तरच प्रश्न. पण तसा असला, तर तिन्हींत हेपटायटिस बी सगळ्यात सहज पसरतो. बाधित माणसाची सुई टोचली तर एचआयव्हीची शक्यता सुमारे तीनशेत एक. हेपटायटिस बीची, लस नसलेल्या माणसात, 30 टक्क्यांपर्यंत. वाळलेल्या रक्ताच्या डागातही तो आठवडाभर तग धरतो. आपल्याकडे सर्रास पांढरी कावीळ म्हणतात ती बहुतेक वेळा हीच.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. 'लहानपणी सगळ्या लशी घेतल्यात' यावर बहिणीच्या बाबतीत विसंबू नका. हेपटायटिस बीची लस सरकारी लसीकरणात 2002 च्या सुमारास निवडक ठिकाणी सुरू झाली आणि देशभर पोचली 2011 मध्ये. 26 वर्षांच्या मुलीला ती खासगी डॉक्टरांकडे दिली असेल तरच मिळालेली असणार. जुनी फाईल शोधा. नसेल तर आधी रक्त द्या, मग त्याच दिवशी लशीचा पहिला डोस घ्या. क्रम उलटा करू नका, कारण लशीनंतर काही दिवस ती तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. संरक्षक प्रतिपिंडं मोजायलाही सांगा. ती पुरेशी निघाली तर या एका विषाणूची चिंता तिथेच मिटली.

एचआयव्हीपासून बचावाची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती वेळ तुमच्या बाबतीत निघून गेली आहे. इतर वाचकांनी मात्र हा आकडा डोक्यात ठेवावा. आता तुम्ही सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाच्या केंद्रात जा. तपासणी मोफत असते, नाव गुप्त राहतं, आणि समुपदेशक सहसा आपल्या नातेवाइकांपेक्षा समजूतदार असतात. जवळचं केंद्र कुठलं ते 1097 या हेल्पलाइनवर कळेल. आजचा रिपोर्ट फक्त ड्रिपच्या आधीची स्थिती दाखवेल. मागच्या रविवारच्या ड्रिपचं उत्तर चौथ्या पिढीच्या लॅब टेस्टने साधारण सहा आठवड्यांनी मिळेल. हेपटायटिस सीसाठी डॉक्टर तीन ते सहा आठवड्यांनी आरएनए टेस्ट, म्हणजे रक्तात थेट विषाणू शोधणारी तपासणी, सांगतील. निघालाच, तर तो आता बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि त्या सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात.

मावशींचं काय करायचं? आईंची मैत्रीण आहे, भिशी आहे, लग्नात पहिल्या रांगेत बसणार आहेत. भांडू नका, पण विचारा. औषध कुणी लिहून दिलं? त्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक काय? सिस्टर कुठून शिकली? वापरलेल्या सुया आणि नळ्या जातात कुठे? (हा माझा आवडता प्रश्न. खऱ्या दवाखान्यात सुयांना पांढरा, न टोचणारा डबा असतो, नळ्यांना लाल पिशवी असते, आणि ते न्यायला जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येते. जिथे सुया घंटागाडीत जातात तिथे बाकी काही विचारायची गरज नाही.) रिकामी बाटली मागून घ्या आणि लेबलचा फोटो काढा: बॅच नंबर, मुदत, बनवणारा कोण. परदेशी अक्षरांचं चकचकीत लेबल असेल तर त्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि आयात परवान्याचा क्रमांक आहे का ते पाहा. नसेल तर तो माल चोरवाटेने आलाय, आत काय आहे ते देव जाणे. हे सगळं बहिणीच्या डॉक्टरांना दाखवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयातही द्या. पैसे परत मागा, मिळतील न मिळतील. चुलतबहिणींना मात्र आजच फोन करा; त्या रविवारची वाट बघत असतील.

शेवटचं तुम्ही विचारलेलं नाही, पण तारखांचा हिशेब मांडला की समोर येतंच. लग्न पाच आठवड्यांवर, एचआयव्हीची निर्णायक टेस्ट साधारण त्याच सुमारास किंवा आठवडाभर नंतर. मधल्या काळात बहिणीने होणाऱ्या नवऱ्याला हे सांगावं का? माझ्या मते सांगावं, आणि तिने स्वतः सांगावं, आईने विहिणीमार्फत नव्हे. दोन वाक्यांत होतं: 'पार्लरमध्ये ड्रिप घेतली, ताप आला, डॉक्टरांनी खबरदारी म्हणून टेस्ट सांगितल्यात. शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत आपण कंडोम वापरू, आणि तूही हेपटायटिस बीची लस घेऊन टाक.' लस त्यालाही हवीच होती. लग्न पुढे ढकलायचं कारण नाही. पत्रिका छापायला गेल्या असतील तर जाऊ द्या.

रिपोर्ट आले की मला कळवा, त्याच मेलवर.